बंदरातून बांधावर : जुन्या कंटेनरचे घर आणि नाशिकची हवा

नाशिक जिल्ह्यातील निर्यातीची द्राक्षे जानेवारी ते एप्रिल या काळात प्रामुख्याने दिंडोरी, निफाड आणि चांदवड तालुक्यांतील पॅकहाउसांतून शीतकंटेनरांत भरली जातात, कसारा घाट उतरून न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरात पोहोचतात आणि तेथून जहाजाने युरोपकडे रवाना होतात. या रस्त्यावरच्या प्रवासात कंटेनर ज्या सांगाड्यावर बसलेला असतो त्याला वाहतूक व्यवसायात ट्रेलर म्हणतात, आणि तो ओढणाऱ्या पुढच्या इंजिनवाल्या भागाला घोडा. घोड्याच्या पाठीवर खाच असलेली एक जाड पोलादी तबकडी असते, तिच्यात ट्रेलरच्या पोटाखालची खुंटी अडकते आणि वळणावर ट्रेलर त्या खुंटीभोवती फिरतो. या तबकडीला तांत्रिक परिभाषेत ‘पाचवे चाक’ असे नाव आहे. उत्तर अमेरिकेत हीच जोडणी मोठ्या पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवून तिच्यामागे शयनगृह, स्वयंपाकघर व न्हाणीघर असलेले अख्खे घर ओढण्याची रीत रूढ आहे, आणि असे वापरलेले घर पारखून घेऊन त्यात वर्षानुवर्षे राहणारा, बहुतांशी निवृत्तांचा, मोठा वर्ग तेथे आहे. भारतात मात्र असे घर रस्त्यावर जवळजवळ दिसत नाही, कारण त्याला लागणारा जड पिकअपही येथे सर्रास नाही आणि मुक्कामाच्या जागी वीज, पाणी व मैलापाण्याची जोडणी देणारे तळही नाहीत. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये आणलेले कॅराव्हॅन धोरण पर्यटकाच्या मुक्कामासाठी आहे, कायमच्या वास्तव्यासाठी नव्हे.

तरीही पाचव्या चाकामागून येणारे एक घर नाशिकच्या परिसरात रुळू लागले आहे, आणि ते म्हणजे जहाजावरून निवृत्त झालेला कंटेनर. गंगापूर धरणाच्या व त्र्यंबक रस्त्याच्या बाजूची शेतघरे, द्राक्षबागांतील राखणदारांच्या व मजुरांच्या खोल्या, रस्ते-पुलांच्या कामांवरील अभियंत्यांची निवासस्थाने, असा त्याचा वापर होतो. चाके परत जातात आणि पेटी राहते, एवढाच अमेरिकन घराशी त्याचा फरक आहे असे वरकरणी वाटते. प्रत्यक्षात फरक याहून मोठा आहे, कारण अमेरिकन ट्रेलर माणसाच्या वास्तव्यासाठीच बांधलेला असतो, तर कंटेनर बांधताना आत माणूस राहील हा विचार कोणी केलेला नसतो. म्हणून तो निवडताना पेटीची पारख ही निम्मी पारख असते. उरलेली निम्मी ती पेटी जिल्ह्याच्या कोणत्या तालुक्यात ठेवायची आहे याची, आणि विक्रेत्याच्या आवारात रंग व खिडक्या पाहून सौदा करणारे बहुतेक ग्राहक नेमकी हीच बाजू सोडून देतात.

पेटीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन मालवाहतूकदाराचे ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले, आणि पुढील दोन दशकांत पेटीची मापे आंतरराष्ट्रीय मानकांनी ठरून गेली. भारतात या वाहतुकीचे मुख्य केंद्र ठरलेले न्हावा शेव्याचे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. २० फुटी पेटी बाहेरून ६.०५८ मीटर लांब, २.४३८ मीटर रुंद आणि २.५९१ मीटर उंच असते. ४० फुटी पेटी दुप्पट लांबीची असते आणि तिचा जो उंच प्रकार ‘हाय क्यूब’ म्हणून ओळखला जातो त्याची उंची २.८९६ मीटर भरते. आतील मोकळी रुंदी मात्र दोन्हींत सारखीच, सुमारे २.३५ मीटर, म्हणजे पावणेआठ फुटांच्या आसपास असते, आणि दीर्घ वास्तव्याच्या दृष्टीने सर्वांत निर्णायक माप हेच आहे. २० फुटी पेटीचे आतील क्षेत्र सुमारे १५० चौरस फूट आणि ४० फुटीचे ३०० चौरस फूट भरते हे आकडे ऐकायला पुरेसे वाटतात. पण भिंतींना आतून उष्णतारोधक थर व फळ्या लावल्यावर रुंदी सव्वासात फुटांच्या आत येते, पलंग आडवा टाकला तर पायाशी वाट उरत नाही आणि उभा टाकला तर खोली बोळासारखी होते. उंचीचेही तेच आहे. साध्या पेटीत आतून सुमारे २.३९ मीटर उंची मिळते, छताला थर दिला की ती कमी होते, आणि मग पंखा टांगणे धोक्याचे ठरते. म्हणून राहण्यासाठी पेटी घ्यायची असेल तर हाय क्यूबच शोधावी. उंचीतील या एका फुटासाठी मोजलेले जादा पैसे वाया जात नाहीत.

जहाजावर कंटेनर साधारणपणे दहा ते पंधरा वर्षे काम करतो आणि मग विक्रीला येतो. त्याचा भाव पोलादाच्या भंगाराशी जितका बांधलेला असतो तितकाच जागतिक जहाजवाहतुकीतील तेजीमंदीशीही. २०२०-२१ मध्ये जगभर रिकाम्या पेट्यांची टंचाई झाली तेव्हा जुन्या पेट्यांचे भावही चढले होते. विक्रेते प्रतवारीचे दोन शब्दप्रयोग वापरतात : ‘कार्गो वर्दी’, म्हणजे अजूनही माल घेऊन समुद्रावर जाऊ शकेल अशी, आणि ‘विंड अँड वॉटर टाइट’, म्हणजे वारा-पाणी आत येऊ देणार नाही पण तिच्या वाहून नेण्याच्या ताकदीची हमी नाही अशी. एकाच जागी ठेवायच्या घराला दुसरी प्रत चालते, परंतु एकावर एक दोन पेट्या रचायच्या असतील तर पहिलीच घ्यावी लागते.

दारावर रिव्हेट केलेली धातूची पाटी ही पेटीची जन्मपत्रिका समजावी. सुरक्षित कंटेनरांबाबतचा आंतरराष्ट्रीय करार १९७२ मध्ये झाला आणि त्यानुसार प्रत्येक पेटीवर निर्मितीचा महिना व वर्ष, कमाल एकूण वजन आणि रचण्याची क्षमता नोंदलेली असते. निर्मितीनंतर पाच वर्षांच्या आत पहिली आणि त्यापुढे दर तीस महिन्यांच्या आत पुढची तपासणी व्हावी असा नियम आहे. याच पाट्यांच्या समूहात लाकडावरील प्रक्रियेचीही नोंद असते आणि राहणाऱ्याने तीच आधी वाचावी. पेटीची जमीन सुमारे २८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडची असते आणि ऑस्ट्रेलियासारख्या देशांच्या क्वारंटाइन नियमांमुळे, म्हणजे परदेशी कीड रोखण्याच्या नियमांमुळे, त्या लाकडाला कीटकनाशक पाजलेले असते. कोणते व कधी, हे पाटीवर लिहिलेले असते. शिवाय त्या जमिनीवर दहा-बारा वर्षांत काय काय सांडले याची नोंद कोठेही नसते. ज्या पेटीत शिरताच उग्र वास येतो, किंवा उन्हात दारे तासभर बंद ठेवून उघडल्यावर येतो, ती नाकारावी. वास नसला तरी लहान मुले जमिनीवर खेळणार असतील तर जुने प्लायवूड काढून टाकणे किंवा त्यावर इपॉक्सीचा अखंड थर देऊन वर नवी जमीन करणे हा खर्च हिशेबात धरूनच सौदा करावा.

पोलादाची परीक्षा अनुभवी फॅब्रिकेटर ज्या क्रमाने करतात तो क्रम नवख्याच्या अगदी उलट असतो. नवखा माणूस भिंतीवरचा गंज पाहून घाबरतो. वास्तविक या पेट्या कॉर्टेन नावाच्या मिश्र पोलादाच्या असतात, त्यावर गंजाचा जो पहिला थर धरतो तो खालच्या धातूचे काही अंशी रक्षणच करतो, आणि भिंतीवरचे तपकिरी डाग बहुधा ब्रशने घासून रंगवता येतात. खरा धोका छतावर आणि पोटाखाली असतो. छताचा पत्रा सुमारे दोन मिलिमीटरचा असतो, क्रेनच्या साखळ्या आदळून त्याला पोचे पडतात, पोच्यात पाणी साचते आणि तेथूनच पत्रा कुजतो. म्हणून शिडी लावून छत पाहिल्याशिवाय विसार देऊ नये. पोटाखाली जमिनीला तोलून धरणारे आडवे पोलादी पाट असतात, त्यांना टोकदार हातोडीने ठोकले असता खणखणीत आवाज यावा, पापुद्रे निघू नयेत. त्यानंतर भर दुपारी आत उभे राहून बाहेरच्याकडून दारे बंद करून घ्यावीत आणि डोळे अंधाराला सरावू द्यावेत. जेथून उजेडाचा कण दिसेल तेथून आषाढात पाणी येईल. दारे बंद करायला खांदा लावावा लागला तर पेटी तिरकी झाली आहे असे समजावे, कारण अपघातात किंवा पडझडीत चौकट पिळली की पहिला परिणाम दारांवरच दिसतो, आणि हा दोष रंगाने झाकता येत नाही.

द्राक्षे वाहून नेणाऱ्या शीतकंटेनराचा, ज्याला बाजारात ‘रीफर’ म्हणतात, विचार वेगळा करावा लागतो. द्राक्षांचे तापमान शून्य अंशाच्या आसपास टिकवण्यासाठी त्याच्या भिंतींत पॉलियुरेथेन फेस भरलेला असतो, आतून पोलादाचे न गंजणारे अस्तर असते आणि थंड हवा खालून खेळावी म्हणून जमीन ॲल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्यांची केलेली असते. उष्णतारोधन आयते मिळते म्हणून जुना रीफर हे तयार घर असा प्रचार विक्रेते करतात आणि तो निम्मा खरा आहे. आतील रुंदी साध्या पेटीहून कमी, सुमारे २.२९ मीटर असते. जमिनीवर पाय ठेवण्यासाठी वर दुसरी जमीन करावी लागते. पुढच्या टोकाचे शीतयंत्र काढल्यावर तेथे मोठे भगदाड उरते आणि त्या यंत्रातील वायू हवेत न सोडता तंत्रज्ञाकडून काढून घ्यावा लागतो. याहून गंभीर बाब अशी की खिडकी पाडण्यासाठी गॅसकटर लावला तर भिंतीतील फेस पेटतो व त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू निघतात, त्यामुळे रीफर गॅसने कापायला निघालेला कारागीर कितीही स्वस्त असला तरी त्याला काम देऊ नये. तेथे ज्योत नव्हे, पाते लागते. भिंतीत पाणी शिरून फेस ओला झाला असेल तर त्याची रोधनशक्तीही गेलेली असते, आणि तो दोष भिंत फुगलेली किंवा ठोकल्यावर बद्द वाजणारी आढळली तरच लक्षात येतो.

आता तालुक्याचा प्रश्न. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यावर इगतपुरी आणि त्र्यंबकेश्वर आहेत, आणि त्यांपैकी इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. नाशिक शहरात तो ७०० मिलिमीटरच्या आसपास येतो आणि पूर्वेकडे सिन्नर, येवला, नांदगाव या अवर्षणप्रवण पट्ट्यात त्याहूनही खाली घसरतो. मालेगावचा पारा मे महिन्यात ४३ अंशांपलीकडे जातो, तर निफाडला, जेथे गहू संशोधन केंद्र आहे तेथे, डिसेंबर-जानेवारीत तो पाच अंशांखाली उतरल्याच्या बातम्या बहुतेक हिवाळ्यांत येतात. एकाच जिल्ह्यातील या तीन हवा पोलादी पेटीला तीन वेगळ्या रीतींनी छळतात आणि त्यांवरचे उपायही एकमेकांहून भिन्न आहेत.

मालेगाव-येवल्याकडे शत्रू ऊन आहे. दुपारच्या उन्हात उघड्या पत्र्याला हात लावता येत नाही इतका तो तापतो आणि पोलाद उष्णता झटकन आत सोडते; येथे आतून जाड थर देण्याआधी पेटीच्या वर फूट-दीड फूट मोकळी हवा ठेवून दुसरे छत घालणे हा उपाय सर्वांत स्वस्त व परिणामकारक ठरतो, कारण ऊन पेटीपर्यंत पोहोचतच नाही आणि मधली हवा वाहत राहते. पश्चिमेची भिंत आखूड ठेवणे, म्हणजे पेटीची लांबी पूर्व-पश्चिम लावणे, याला एक पैसाही लागत नाही, तरीही बांधाच्या रेषेला समांतर दिसावी म्हणून पेटी हवी तशी ठेवली जाते.

निफाड-दिंडोरीकडे शत्रू दिसत नाही, पहाटे ओला लागतो. थंडीच्या रात्री दोन-तीन माणसे बंद पेटीत झोपली की त्यांच्या श्वासातील बाष्प थंड पोलादावर दव होऊन साठते, आतल्या प्लायवूडमागे ओघळते आणि महिन्याभरात गाद्यांना बुरशीचा वास येतो. थंड पोलाद आणि खोलीतील दमट हवा यांची गाठ पडू न देणे हाच यावरचा इलाज आहे : पोलादाला चिकटून फवारलेला पॉलियुरेथेन फेस येथे ग्लासवूल किंवा रॉकवूल या तंतुमय थरांपेक्षा चांगला, कारण तंतूंमधून हवा व तिच्यासोबत बाष्प पोलादापर्यंत जाते, तंतुमय थरच वापरायचा असेल तर खोलीच्या बाजूने अखंड बाष्परोधक पडदा लागतो. शिवाय समोरासमोर दोन झरोके वर्षभर उघडे हवेत, आणि थंडीत तेच सर्वप्रथम चिंध्यांनी बुजवले जातात.

इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात कोणताही रंग पुरत नाही. जून ते सप्टेंबर पत्रा वाळतच नसल्याने कापलेल्या प्रत्येक कडेला, वेल्डिंगच्या प्रत्येक सांध्याला गंज लागतो. म्हणून येथे भिंतींत छेद जितके कमी तितके बरे, उतरते छत चारी बाजूंनी तीन-चार फूट पुढे आलेले असावे आणि पेटी जमिनीपासून किमान दीड-दोन फूट वर असावी. या पट्ट्यात जुनी पेटी घेण्याचा सल्ला देताना कोणीही जबाबदार माणूस कचरेल. घाटमाथ्यावरच्या पावसाला कौलारू उतरत्या छपराचे जे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या दिले गेले ते अद्याप सुधारायचे आहे असे दिसत नाही.

जमिनीचाही येथे विचार हवा. निफाड-दिंडोरीची खोल काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावर नुसते दगड रचून ठेवलेल्या पेटीचे एखादे टोक एका वर्षात खचते व दारे अडकू लागतात. पेटीचा सगळा भार चार कोपऱ्यांच्या खांबांतून उतरतो, म्हणून तिला सलग जोते लागत नाही. चार किंवा लांब पेटीला सहा काँक्रीटचे खुंट पुरतात, परंतु ते काळी माती उपसून खालच्या घट्ट मुरमापर्यंत नेलेले असले पाहिजेत. भार खांबांतून जातो तरी नालीदार भिंती चौकटीला पिळण्यापासून वाचवतात, आणि म्हणूनच दिवाणखाना ऐसपैस व्हावा यासाठी एक लांब भिंत पूर्ण कापणाऱ्याने त्या जागी पोलादी तुळई व खांब वेल्ड करून घेतले नाहीत तर छत मध्ये झोळ धरते.

सर्वांत अवघड प्रश्न मजुरांच्या निवासाचा आहे. द्राक्षबागेत वर्षात दोन छाटण्या होतात, एप्रिलमधली खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी छाटणी, आणि या कामांसाठी पेठ, सुरगाणा, कळवण या आदिवासी तालुक्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे बागांवर येऊन राहतात. त्यांच्यासाठी एक जुनी २० फुटी पेटी आणून, एक खिडकी पाडून, वर रंग देऊन ‘पक्की खोली’ म्हणून दाखवली जाते. खरड छाटणीचा काळ म्हणजे ऐन उन्हाळा. थर नसलेल्या पेटीत त्या दिवसांत रात्री दहापर्यंत बसवत नाही, आणि ही कुटुंबे स्वतःच्या पाड्यावर कारवीच्या कुडाला माती लिंपून जे घर बांधतात ते उष्णतेच्या दृष्टीने तिच्यापेक्षा कितीतरी सरस असते. कुलूप लागते, साप-विंचू शिरत नाहीत, पावसात गळत नाही हे पेटीचे गुण खरे आहेत; परंतु दुसरे छत, आतला थर आणि समोरासमोरच्या दोन खिडक्या यांशिवाय ती माणसांना देणे म्हणजे गोदामात माणसे ठेवणे होय.

कागदपत्रांची बाजू कंटाळवाणी असली तरी टाळण्यासारखी नाही. परदेशी मालकीची पेटी भारतात येते ती सहा महिन्यांच्या आत परत पाठवण्याच्या अटीवर, सीमाशुल्काच्या सवलतीने. ती येथेच विकायची झाली तर शुल्क भरावे लागते, म्हणून विक्रेत्याकडून शुल्क भरल्याचा पुरावा आणि पेटीचा क्रमांक नमूद असलेले जीएसटी बिल मागावे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये शेतीच्या जमिनीवरील ‘शेतइमारती’च्या व्याख्येत शेतकऱ्याच्या कुटुंबाचे व नोकरांचे निवासस्थान येते, परंतु त्या सवलतीला क्षेत्राच्या व वापराच्या मर्यादा आहेत आणि पर्यटकांना भाड्याने देण्याचा वापर तिच्यात बसत नाही. पेटीला पाया नाही म्हणून ती बांधकाम ठरत नाही हा विक्रेत्यांचा लाडका युक्तिवाद आहे. त्यावर विसंबण्याआधी ग्रामपंचायतीत, आणि जेथे नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची हद्द लागते तेथे त्या कार्यालयात, लेखी विचारणा करावी. शेतीपंपाच्या जोडणीवरून घराचे दिवे चालवणे महावितरणच्या नियमात बसत नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे.

विजेचा याहून महत्त्वाचा मुद्दा जिवाचा आहे. वायरीचे आवरण एका ठिकाणी पत्र्याच्या कापलेल्या धारेवर घासून गेले तर सबंध घरात वीज उतरते आणि ओल्या पायाने दाराला हात लावणारा माणूस दगावू शकतो. प्रत्येक वायर नळीतून नेणे, पेटीला स्वतंत्र अर्थिंग देणे आणि ३० मिलीअँपिअरच्या गळतीवर प्रवाह तोडणारी आरसीसीबी ही कळ बसवणे या तीन गोष्टी झाल्याशिवाय पेटीत वीज घेऊ नये. मान्सूनपूर्व काळात आणि परतीच्या पावसात जिल्ह्यात विजा कोसळतात, तेव्हाही याच अर्थिंगचा उपयोग होतो.

शेवटी पेटी शेतापर्यंत येण्याचा व पुन्हा हलण्याचा विषय राहतो. न्हावा शेव्याहून नाशिकपर्यंतचे सुमारे २०० किलोमीटर सोपे असतात. अडचण शेवटच्या दोन किलोमीटरांत येते. ट्रेलरवर चढवलेली हाय क्यूब पेटी रस्त्यापासून सुमारे साडेचार मीटर उंच होते, शिवाररस्त्यावरच्या लोंबत्या विजेच्या तारा त्याहून खाली असू शकतात, आणि ४० फुटी पेटीच्या ट्रेलरला बांधावरच्या काटकोनी वळणात फिरता येत नाही. त्यामुळे वाट अरुंद असेल तर एका लांब पेटीऐवजी दोन २० फुटी पेट्या घेणे शहाणपणाचे. उतरवायला हायड्रा, म्हणजे चाकांवरची लहान क्रेन, लागते आणि रिकामी ४० फुटी पेटीच चार टनांच्या आसपास भरत असल्याने तिला घट्ट जमीन हवी, म्हणजे हे काम पावसाळ्यात होत नाही. भिंती कापल्यावर दारावरच्या पाटीला अर्थ उरत नाही व ती पेटी जहाजावर परत जाऊ शकत नाही, परंतु शेत विकले किंवा काम संपले तर तिला ट्रेलरवर घालून दुसरीकडे नेता येते. त्यासाठी दुसरे छत नटबोल्टवर बसवलेले असावे, वेल्ड केलेले नसावे, आणि आठही कोपऱ्यांतील ज्या ओतीव पोलादी भोकांत क्रेनच्या आकड्या व ट्रेलरचे खटके अडकतात ती भोके फरशी, काँक्रीट किंवा फळ्यांखाली बुजवलेली नसावीत.